यांत्रिक माया

एकाकी व शिणलेल्या जिवांस दिलासा मिळावा म्हणून जपानांत ताकानोरी शिबाता यांनीं सील या समुद्रप्राण्याचें ‘पारो’ नांवाचें यांत्रिक पिलूं निर्मिलें. कुत्रें-मांजर सोडून सीलच कां? कुत्र्यामांजरांच्या खोडी सर्वांस ठाऊक. नक्कल तेव्हांच उघडी पडते. सील घरीं पाळला आहे कोणीं! म्हणजे या सांत्वनाचा पाया आपलें अज्ञान. तरीही स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धेची तगमग त्यानें शमत असेल, तर तें तिच्या हातून हिसकावणारा मी कोण?

माझा वाद निराळा आहे. सोनी कंपनीनें १९९९ सालीं ‘आयबो’ हा यांत्रिक कुत्रा विकावयास काढला, २००६ सालीं त्याचें उत्पादन थांबविलें व २०१४ सालीं दुरुस्तीही बंद केली. २०१५ सालीं इसुमी येथील कोफुकुजी मंदिरांत या निकामी कुत्र्यांचे अंत्यविधि झाले. हंसणारे खुशाल हंसोत! धन्यांचें प्रेम खरेंच होतें. खोटा होता तो सौदा. जिवंत कुत्रा आयुष्य सरलें म्हणजे मरतो. हा मेला तो सुटे भाग मिळेनात म्हणून. २०१८ सालीं त्याच कंपनीनें नवा ‘आयबो’ बाजारांत आणला. माया जडेल अशी वस्तु विकणाऱ्यानें तिची दुरुस्ती किती वर्षें करूं, हें पावतीवरच कां लिहून देऊं नये?