पहिली शाळा स्वयंपाकघरात

मूल तीन वर्षांचे झाले न झाले तोच नातेवाईक आणि शेजारीपाजारी विचारू लागतात, ‘‘मग, शाळेत कधी घालणार?’’ समोरच्या घरातली मुलगी इंग्रजी मुळाक्षरे घडाघडा म्हणून दाखवते, खालच्या मजल्यावरचा मुलगा शंभरपर्यंत आकडे म्हणतो आणि घरचे बाळ मात्र कुकरच्या शिट्ट्या ऐकण्यात रमलेले असते. आईच्या पोटात गोळा येतो. मुलाचे एक वर्ष वाया तर जात नाही ना?

हे भय समजण्यासारखे आहे, पण त्याला फारसा आधार नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात सक्तीच्या शिक्षणाचे वय ६ ते १४ वर्षे आहे. तीन-चार वर्षांचे मूल घरी राहिले तर कोणताही नियम मोडत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पाया मानला आणि तो खेळातून घालावा, असे सांगितले. मात्र पहिलीच्या प्रवेशाची वयोमर्यादा आणि बालवर्गाचे नियम राज्याराज्यांत वेगळे आहेत. म्हणून पुढे ज्या शाळेत घालायचे तिथे आधी चौकशी करून ठेवावी आणि मगच निश्चिंत मनाने वर्षाची आखणी करावी.

कल्पना जुनीच
खेळातून शिकवण्याची वाट आपल्याकडे नवी नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगरला बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी काम उभे केले आणि त्यात त्यांना अनुताई वाघ यांची साथ मिळाली. परदेशी पद्धतीची महागडी साधने खेड्यात कुठून आणणार? या दोघींनी शंख-शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने मानली. मुले शाळेत येत नसतील तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी, हा विचार तिथेच रुजला. जे अंगणात साधले ते दोन खोल्यांच्या घरात का साधणार नाही?

दिवस कसा आखावा?
सर्वांत मोठी चूक होते ती घराला शाळा बनवण्याची. घंटा, गृहपाठ आणि छडीचा धाक घरी आणायचा असेल तर मूल शाळेतच बरे. या वयाचे मूल एका गोष्टीत दहा-पंधरा मिनिटे रमले तरी पुष्कळ झाले. सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास मुद्दाम आखलेला खेळ पुरे. बाकीचा दिवस रोजच्या कामांत त्याला सामील करून घ्यावे.

रोज चार गोष्टी घडल्या की दिवस सार्थकी लागला असे समजावे: धावणे-उड्या मारणे, हातांचे काही काम, गोष्ट किंवा गाणे आणि मोजण्या-निवडण्याचा एखादा खेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सल्ल्यानुसार तीन-चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात किमान तीन तास हालचाल व्हावी. झोप दहा ते तेरा तास मिळावी आणि पडद्यासमोर बसणे एका तासापेक्षा अधिक नसावे, त्याहून कमी असेल तर उत्तमच. मुलाला मोबाइलवर बाराखडी लावून देणे म्हणजे घरची शाळा नव्हे.

साहित्यासाठी बाजारात जायला नको. वाट्या, चमचे, चाळण, रिकामे डबे, जुनी मासिके, कपडे वाळत घालायचे चिमटे, पाटी, खडू आणि कणकेचा गोळा एवढे पुरते. कणीक मळणारी आणि चिमटे दाबणारी बोटेच पुढे पेन्सिल नीट धरतात. तोवर अक्षर गिरवण्याची सक्ती नको. गणिताचेही तसेच. शंभरपर्यंत पाठ म्हणणाऱ्या मुलाला ‘‘तीन चमचे आण’’ म्हटले तर तो मूठभर आणतो. जेवायला पाच माणसे, मग ताटे किती? हा हिशेब रोज घातला की आकड्याचा अर्थ आपोआप कळतो.

एक खबरदारी मात्र हवीच. चिंचोके, हरभरे, मणी, बटणे मुले नाकात किंवा तोंडात घालतात आणि ते घशात अडकू शकतात. असे खेळ मोठ्यांच्या नजरेसमोरच व्हावेत आणि खेळ संपताच सामान उचलून ठेवावे.

वर्षाचे वेळापत्रक
विषय शोधत बसण्यापेक्षा ऋतू आणि सण यांचाच हात धरावा.

जून-जुलै: पाऊस. अंगणात भांडे ठेवून पाणी किती साठले ते पाहावे. कागदाच्या होड्या कराव्यात. कुंडीत मेथी पेरून तिची वाढ रोज बघावी.

ऑगस्ट-सप्टेंबर: श्रावणातली पाने गोळा करून लहान-मोठी लावावीत. शाडूच्या मातीचा उंदीर किंवा मोदक बनवावा.

ऑक्टोबर-नोव्हेंबर: भोंडल्याच्या फेरात गाणे आणि ताल, दिवाळीच्या किल्ल्यात चढ-उतार आणि बांधणी, रांगोळीच्या ठिपक्यांत मोजणी. हैदराबादेत राहणाऱ्यांना बतुकम्माची फुले रंगांप्रमाणे वेगळी करता येतील, तर बडोद्यात गरब्याचा ताल आयताच आहे.

डिसेंबर-जानेवारी: सकाळची आणि दुपारची सावली खडूने आखून पाहावी. संक्रांतीला प्रत्येकाच्या हातावर दोन-दोन तिळाच्या वड्या ठेवायला लावाव्यात.

फेब्रुवारी-मार्च: होळीचे रंग. हळदीचे पाणी, बिटाचे पाणी, दोन रंग मिसळले की तिसरा कसा होतो याची गंमत.

एप्रिल-मे: आंब्याच्या कोयी मोजणे, कुरडया वाळत घालायला मदत करणे आणि दुपारी भातुकली.

ठरवलेले सगळे पार पडलेच पाहिजे असे नाही. मूल मुंग्यांच्या रांगेपाशी रमले तर त्या दिवशी मुंग्याच शिकवतील.

मराठी घरातच टिकेल
महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या कुटुंबांसाठी तर हे वर्ष फार मोलाचे आहे. इंदूर असो वा बंगळूर, मूल दाराबाहेर पडले की दुसरी भाषा कानी पडते आणि शाळेत इंग्रजी येते. मराठी त्याला घराखेरीज कुठे मिळणार? दोन भाषा ऐकल्याने मूल गोंधळेल ही भीती अनाठायी आहे, लहान मुले एकापेक्षा अधिक भाषा सहज उचलतात. आजीने रोज एक गोष्ट सांगावी, आजोबांनी भाजी आणताना नावे विचारावीत आणि वडिलांनी रात्री पुस्तक उघडावे. ही शाळा एकट्या आईच्या माथी मारली तर महिनाभरात ती थकेल आणि मूल चिडचिडे होईल.

मुलाला सवंगडीही हवेत. दोन-तीन घरांनी मिळून आठवड्यातून दोन दिवस मुलांना एकत्र आणावे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, खेळणे वाटून घेणे आणि भांडून पुन्हा गट्टी करणे एकट्याने शिकता येत नाही. ज्या घरात दोघेही नोकरीला जातात तिथे चांगली बालवाडी किंवा जवळची अंगणवाडी घ्यावी आणि संध्याकाळचा अर्धा तास राखून ठेवावा. त्यात कमीपणा काहीच नाही.

परीक्षा नको, पण नोंद ठेवावी. दर महिन्याला वहीत चार ओळी पुरेत: नवे काय बोलू लागला, कशाला घाबरतो, कशात रमतो. तीन वर्षे पूर्ण होऊनही मूल दोन-तीन शब्द जोडून बोलत नसेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल किंवा येत असलेल्या गोष्टी विसरू लागले असेल, तर ‘‘उशिरा बोलेल’’ म्हणत थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कान तपासून घ्यावेत. वेळेवर मिळालेली मदत पुढची कित्येक वर्षे वाचवते.

वर्षअखेर मूल आपले आपण हातपाय धुऊ लागले, चार माणसांत बोलू लागले आणि ‘‘हे असं का?’’ म्हणून दिवसाला पन्नास वेळा विचारू लागले, तर ते उत्तम गुणांनी पास झाले असे खुशाल समजावे. अक्षरे शिकवायला पुढे शाळा आहेच.