पाडव्याचा ट्रॅक्टर

दसऱ्याला हुकलेला मुहूर्त पाडव्याला साधावा, असे पुष्कळांच्या मनात असते. दिवाळीच्या सुमारास तालुक्याच्या गावी ट्रॅक्टरच्या दुकानापुढे झेंडूच्या माळा लागतात, पेढे वाटले जातात आणि नवीकोरी गाडी हळदकुंकू लेवून गावाकडे निघते. त्यात 2025 च्या 22 सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आला. म्हणजे चार लाखांच्या मूळ किमतीवर 28,000 रुपये वाचले. मोह पडावा अशीच ही गोष्ट आहे. परंतु वाचकहो, गाडी एका दिवसात घरी येते आणि तिचा हप्ता पुढे पाच-सात वर्षे येत राहतो. तेव्हा मुहूर्त पाहण्याआधी थोडा हिशेब पाहू या.

आमचा आजचा विषय मोठ्या बागायतदारांसाठी नाही. त्यांना सल्ला देणारे पुष्कळ आहेत. आम्हांला बोलायचे आहे ते तीन-चार एकरांच्या धन्याशी. महाराष्ट्रात 1970-71 च्या कृषिगणनेत एका खातेदाराची सरासरी जमीन 4.28 हेक्टर होती. 2015-16 च्या गणनेत ती 1.34 हेक्टर, म्हणजे सव्वातीन एकरांच्या आसपास उरली. वाटण्या झाल्या, बांध वाढले. बैलजोडी बारा महिने पोसणे अवघड झाले, गडी मिळेनासा झाला. अशा वेळी छोटा ट्रॅक्टर हवासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

छोटा ट्रॅक्टर म्हणजे खेळणे, अशी काहींची समजूत असते. ती खरी नाही. आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनने अवजार ट्रॅक्टरमागे नुसते ओढत न नेता तीन ठिकाणी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची युक्ती काढली. त्यामुळे नांगराच्या ओढीचा भार मागच्या चाकांवर येऊन हलक्या गाडीलाही पकड मिळू लागली. त्याची टीई-20 ही गाडी जेमतेम 1,100 किलो वजनाची होती. 1946 ते 1956 या दहा वर्षांत अशा पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. आज आपण ज्याला ‘लिफ्ट’ म्हणतो ती त्याच युक्तीची देणगी. आपल्याकडे आता 11 अश्वशक्तीपासून 28-30 अश्वशक्तीपर्यंतच्या लहान गाड्या मिळतात. त्यांतील कित्येकींची चारही चाके ओढ घेतात, आणि काहींची रुंदी जेमतेम तीन ते चार फूट असते.

मग अडचण कोठे येते? गाडी निवडताना आपण अश्वशक्ती मोजतो, रंग पाहतो, शेजाऱ्याने कोणती घेतली ते विचारतो. फक्त आपल्या शेतात वर्षाकाठी तिला किती तास काम आहे, हे कोणी मोजत नाही.

हा हिशेब कठीण नाही. एक मीटर रुंदीचा रोटाव्हेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालला, तर कागदावर तासाला 2,500 चौरस मीटर जमीन होते. बांधावरचे वळसे आणि खोळंबा धरून त्यातले 2,000 हाती लागतात. म्हणजे एकराला दोन तास. चार एकरांत दोन वेळा रोटाव्हेटर फिरवला तर 16 तास. पेरणी, कोळपणी, खताची आणि मालाची वाहतूक धरली, तरी सोयाबीन-ज्वारीच्या चार एकरांत वर्षाचे 60 तास भरले तर पुष्कळ झाले.

आता पैशाकडे वळू. समजा, गाडी चार लाखांची आहे आणि दहा वर्षांनी तिचे लाखभर येतील. वर्षाची झीज 30,000 रुपये. सरासरी अडीच लाख रुपये तिच्यात गुंतून राहिले. त्यांचे दहा टक्क्यांनी व्याज 25,000. विमा आणि किरकोळ दुरुस्ती 5,000 धरा. एकूण 60,000. एवढी रक्कम गाडी गोठ्यात उभी राहिली तरी लागणारच. वर्षाला 60 तास काम असेल, तर डिझेल घालण्यापूर्वीच तासाला 1,000 रुपये पडले! 150 तास असेल तर 400, आणि 300 तास असेल तर 200. गाडी तीच, किंमतही तीच. कोणाला परवडली आणि कोणाला बुडवून गेली, हे या तासांनी ठरवले. कृषी अभियांत्रिकीच्या गणितात ट्रॅक्टरचे आयुष्य दहा वर्षे आणि 10,000 तास धरण्याचा प्रघात आहे. चार एकरांच्या कोरडवाहू शेतात त्यातले 600 तास वापरून आपण गाडी जुनी करतो.

कोणी म्हणेल, “मग सगळेच भाड्याने करावे की!” तसेही नाही. शेतीत केवळ तास मोजून भागत नाही; वेळही पाहावी लागते. मृगाचा पाऊस झाला, जमिनीला वाफसा आला, की पेरणीला दोन-तीन दिवस मिळतात. त्याच दिवसांत सगळ्या गावाला ट्रॅक्टर हवा असतो. भाड्याचा ट्रॅक्टर आधी मोठ्या रानात जातो आणि चार एकरवाल्याचा नंबर लागेपर्यंत ओल उडून जाते. नाशिककडच्या द्राक्षबागायतदाराला विचारा. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला, की डाउनीची फवारणी काही तासांत व्हावी लागते. उद्यावर गेली तर घड हातचे जातात. तेथे यंत्र घरचेच पाहिजे. शिवाय चार एकर बागेत हंगामाच्या पन्नास फवारण्या आणि एकरी पाऊण तास धरला, तरी तेवढ्यानेच 150 तास होतात. आठ-नऊ फुटांच्या ओळींतून मोठी गाडी फिरवणे त्रासाचे, म्हणून लहान गाडी तेथे शोभूनही दिसते.

यावरून आम्हांला एक साधा नियम सुचतो: जे काम थांबत नाही त्याचे यंत्र घरचे असावे, जे थांबू शकते त्याचे भाड्याने आणावे.

उन्हाळ्यातील खोल नांगरटच पाहा. ती चैत्रात झाली काय किंवा वैशाखात झाली काय, रान तापले म्हणजे झाले. काळ्या भारी जमिनीत हलक्या गाडीची चाके घसरतात आणि एंजिन धापा टाकते. त्या कामाला 45-50 अश्वशक्तीची गाडी आणि पलटी नांगर एक दिवस भाड्याने आणावा. तेवढ्यासाठी स्वतःच्या गाडीची अश्वशक्ती वाढवीत बसू नये.

हाच नियम लोडर आणि बॅकहोलाही लावून पाहू. लोडर म्हणजे पुढची उचलण्याची बकेट आणि बॅकहो म्हणजे मागचा खोदाईचा लांब हात. छोट्या ट्रॅक्टरला या दोन्ही वस्तू जोडता येतात. परदेशातील छोट्या शेतांवर अशी गाडी पुढे माती भरताना आणि मागे खड्डा खणताना पाहिली, म्हणजे आपल्याही दारी ती असावीशी वाटते. घरचा जेसीबीच की तो! खरे म्हणजे जेसीबी हे यंत्राचे नावच नव्हे. जोसेफ सिरिल बॅमफर्ड या इंग्रज कारखानदाराच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत. पुढे बकेट आणि मागे खोदाईचा हात असे त्याचे पहिले यंत्र 1953 मध्ये निघाले. 1979 पासून ती भारतात तयार होऊ लागली आणि आता आपल्या खेड्यांत तो शब्द मराठीच होऊन बसला आहे.

परंतु त्या पिवळ्या यंत्राचे वजन सात-आठ टनांच्या घरात असते; आपल्या छोट्या गाडीचे टनभर. समजा, 20 मीटर लांब, 20 मीटर रुंद आणि तीन मीटर खोल असे शेततळे खणायचे आहे. बाजूंना एकास एक उतार ठेवला तर सुमारे 875 घनमीटर माती निघते. लहान बॅकहोची बकेट 50 लिटरांची धरली, तर ती साडेसतरा हजार वेळा भरावी लागेल. मिनिटाला दोनदा भरली, तरी सुमारे 146 तास, म्हणजे आठ तासांचे अठरा दिवस! आणि ती माती दूर सारण्याचे काम वेगळेच.

आंब्याचे खड्डे घ्या. दहा मीटर अंतराने एकरात 40 कलमे बसतात. मीटरभर लांब, रुंद आणि खोल असे 40 खड्डे. हे काम लहान बॅकहो करील, नाही असे नाही. पण ते एका पिढीत एकदाच करायचे असते. बॅकहो तीन लाखांचा धरला, तर वरच्याच रीतीने वर्षाचा बोजा 45,000 च्या आसपास जातो. वर्षाला 20 तास वापर झाला, तर तासाला 2,250 रुपये पडले. इतक्या पैशांत गावातला जेसीबी किती तास मिळतो, ते तुम्हीच विचारून या. शिवाय त्याच्या एका तासात आपले तीन-चार तासांचे काम होते. खड्डे महिनाभर थांबू शकतात, चर थांबू शकतो, तळे थांबू शकते. तेव्हा बहुतेक छोट्या शेतकऱ्यांनी बॅकहोचा नाद सोडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

याला अपवाद आहे. कोकणात डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांची बाग असते. सात-आठ टनांचे यंत्र अरुंद पाणंदीतून वर चढत नाही, चढले तर गडगे मोडून चढते. तेथे दरसाल आळी, चर, पाइपलाइन अशी खोदाई असेल आणि शेजारच्या बागांचीही कामे मिळणार असतील, तर लहान बॅकहो विचारात घ्यावा. मात्र कातळ लागला की त्याचे काही चालत नाही, हे ध्यानात ठेवावे. दुसरी गोष्ट जोडणीची. बॅकहो नुसता लिफ्टवर अडकवला, तर खोदताना बसणारे सारे धक्के मागच्या धुऱ्याच्या घरावर येतात. गाडीच्या पोटाखालून पुढपर्यंत जाणाऱ्या भक्कम चौकटीवर बसवलेला बॅकहोच घ्यावा.

लोडरची कथा निराळी आहे. आठ-दहा जनावरांचा गोठा असेल, तर शेण रोज काढावे लागते. ते काम थांबत नाही. खत ट्रॉलीत भरणे, मुरूम पसरणे, पोती उचलणे ही कामेही वरचेवर निघतात आणि कंबर मोडणाऱ्या माणसाची कंबर वाचते. अशा घरी लोडर आपली किंमत वसूल करून देतो. तो घेताना चारही चाकांना ओढ असलेली गाडी पाहावी, कारण बकेट भरली की भार पुढे जातो आणि मागची चाके हलकी होतात. पुढचा धुरा तो भार सोसेल असे उत्पादकाने लेखी सांगितलेले असावे. मागे वजन जोडल्याशिवाय लोडर चालवू नये. भरलेली बकेट नेहमी जमिनीलगत ठेवून चालावे. ती उंच धरून उताराला आडवे वळण घेतले, की गाडी उलटलीच म्हणून समजा. गाडीला उलटण्यापासून वाचवणारी लोखंडी कमान असावी, आणि कमान असेल तर पट्टा बांधावाच. पीटीओच्या फिरत्या दांड्यावरचे झाकण काढून ठेवू नये. तो मिनिटाला 540 फेरे घेतो; उपरण्याचे किंवा पदराचे टोक त्यात गुंतले तर सोडवायला अवधी मिळत नाही.

गाडीच घ्यायची ठरली, तर आणखी चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, ओळींचे अंतर आणि गाडीची रुंदी फितीने मोजावी. दुसरी, एंजिनची अश्वशक्ती न विचारता पीटीओची विचारावी, आणि लिफ्टची ताकदही. 600 लिटरची टाकी म्हणजे 600 किलो नुसते पाणीच झाले. तिसरी, दुकानापेक्षा मिस्त्री किती जवळ आहे ते पाहावे; पेरणीच्या दिवशी दोन रुपयांचा वायसर चाळीस मैलांवर असला, तर लाखाची गाडी निरुपयोगी. चौथी, अनुदान घ्यायचे असेल तर महाडीबीटीवर अर्ज करून पूर्वसंमती हाती आल्यावरच खरेदी करावी. आधी गाडी आणली तर मग धावाधाव करून उपयोग होत नाही. आणि भाड्याने कामे करून हप्ता फेडण्याचा बेत असेल, तर विमा त्या वापराला लागू आहे की नाही, ते लेखी घ्यावे.

पूर्वी गावात इर्जिक असे. आज माझ्या रानात तुमची औते, उद्या तुमच्या रानात माझी. तीन भावांनी किंवा चार शेजाऱ्यांनी मिळून एक गाडी घेतली, तर 60 तासांचे 240 होतात आणि तासाचा भार हजारावरून अडीचशेवर येतो. पेरणीच्या दिवशी पाळी कोणाची, यावरून भांडण मात्र ठरलेले. म्हणून पाळीचा क्रम आणि डिझेल-दुरुस्तीची वाटणी आधीच कागदावर लिहून सह्या कराव्यात. भाऊ झाले तरी.

दिवाळीत व्यापारी नवी वही घालतो. शेतकऱ्यानेही एक वही घालावी. भाड्याने घेतलेल्या प्रत्येक ट्रॅक्टरचे, प्रत्येक जेसीबीचे तास आणि पैसे तीत लिहावेत; आणि कोणत्या दिवशी यंत्र वेळेवर न मिळाल्याने नुकसान झाले, तेही लिहावे. पुढच्या पाडव्याला ती वही उघडली, की गाडी घ्यावी की नाही, घेतली तर केवढी, लोडर हवा की नको, याचे उत्तर तीच देईल. गाडी घेण्याची वेळ एका वर्षाने लांबली म्हणून कोणाचे शेत विकले गेल्याचे ऐकिवात नाही. घाईने घेतलेल्या गाडीपायी मात्र बांधावरची जमीन गेलेली घरे प्रत्येक तालुक्यात आहेत.