उकळत्या पाण्याआधी



आपली इथली दिवाळी ऐन वसंतात येते. गेल्या वर्षी तुळशीच्या कुंडीजवळ मातीचे चिमुकले ढीग आणि त्यांत भोकं दिसली. मुंग्या समजून मी उकळतं पाणी ओतलं.

यंदाही पातेलं घेऊन गेले, तर लेक ओरडली, "आई, थांब! माशी आत गेली!"

निरखून पाहिलं. काळी, केसाळ, मधमाशीहून लहान. पायांवर सुका पराग. मधमाशीसारखी ओली गोळी नाही. ही न्यूझीलंडची मूळची लिओप्रॉक्टस. इथल्या मूळच्या माश्यांच्या २८ जाती आहेत. हिला ना राणी, ना पोळं. प्रत्येक आई स्वतः बीळ खणते, परागाची शिदोरी ठेवून अंडं घालते. पुढच्या वसंताची पिढी तिथेच वाढते. मी नेमकी तीच भाजली होती.

मानुका, पोहुतुकावावर ती दिसते. लाल बांडगुळाच्या घट्ट कळ्याही अशा माश्या उघडतात. मधमाशी इथे १८३९ मध्ये जहाजातून आली. म्हणजे आपल्यासारखीच पाहुणी!

यंदा रांगोळी पायरीवर काढली. ती माती तशीच ठेवली आहे. तुम्हालाही अशी भोकं दिसली, तर पाच मिनिटं नुसतं बघा.