विश्लेषण : ई-पास, रात्रीची रस्ताबंदी, सफारीला लगाम... दक्षिणेची सहल आता सावकाशच करावी लागणार?

शाळांना सुट्टी लागली की महाराष्ट्रातील अनेक कुटुंबांची पावले दक्षिणेकडे वळतात. ‘म्हैसूर-उटी-कोडाईकनाल’ ही त्यातली सर्वांत लाडकी सहल. पाच-सहा रात्री, तीन-चार हॉटेले, रोज सकाळी बॅगा भरायच्या आणि राजवाड्यापासून वाघापर्यंत सगळे एका दमात ‘कव्हर’ करायचे, असा तिचा साचा. मात्र गेल्या काही वर्षांत याच मार्गावर एकामागून एक निर्बंध आले आहेत. कुठे गाडीला ई-पास लागतो, कुठे रात्री रस्ता बंद असतो, कुठे जंगल सफारीच थांबवली जाते. हे निर्बंध नेमके काय आहेत, ते का आले आणि त्यांनी प्रश्न सुटेल का, याचा आढावा.

उटी, कोडाईकनालचा ई-पास काय आहे?

मद्रास उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये निलगिरी जिल्हा आणि कोडाईकनाल येथे जाणाऱ्या पर्यटकांच्या वाहनांना ई-पास बंधनकारक करण्याचा आदेश दिला. ७ मे २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. सुरुवातीला पास घेणे सक्तीचे होते, पण वाहनांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. मागेल त्याला पास मिळत होता.

मार्च २०२५ मध्ये न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले. त्या वर्षीच्या एप्रिल ते जून या हंगामासाठी निलगिरीत सोमवार ते शुक्रवार रोज सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार वाहनांची मर्यादा घालण्यात आली. कोडाईकनालसाठी हेच आकडे अनुक्रमे चार हजार आणि सहा हजार होते. स्थानिक रहिवाशांची वाहने, शेतमालाची वाहतूक, सरकारी बस आणि रेल्वे यांना यातून सूट आहे. म्हणजे बंधन माणसांवर नाही, बाहेरून येणाऱ्या पर्यटक वाहनांवर आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. पुढे अनामलाई व्याघ्र प्रकल्पाला लागून असलेल्या वालपराईसाठीही नोव्हेंबर २०२५ पासून ई-पास लागू झाला.

न्यायालयाला यात का पडावे लागले?

हंगामात निलगिरीत रोज सुमारे २० हजार वाहने शिरतात, अशी माहिती न्यायालयासमोर आली होती. डोंगरावर जाणारे घाटरस्ते मोजकेच, तेही अरुंद. उटी समुद्रसपाटीपासून साधारण २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथे रस्ता रुंद करायचा तर डोंगर कापावा लागतो, आणि कापलेला डोंगर पावसाळ्यात खाली येण्याची भीती असते. पाणी, सांडपाणी आणि कचरा यांची व्यवस्था मूळ लोकवस्तीच्या हिशेबाने झालेली. मे महिन्यातील गर्दीच्या हिशेबाने नव्हे.

या डोंगरांना नेमका किती भार पेलवतो, याचा अभ्यास करण्याचे काम आयआयटी मद्रास आणि आयआयएम बेंगळूरु या संस्थांवर सोपवण्यात आले. सहा हजार, आठ हजार हे आकडे अभ्यास पूर्ण होण्याआधी काढलेली तात्पुरती वाट आहे.

बंदीपूरचा रस्ता रात्री बंद का असतो?

म्हैसूरहून उटीला जाणारा नेहमीचा रस्ता गुंडलुपेटनंतर कर्नाटकातील बंदीपूर आणि तमिळनाडूतील मुदुमलाई या दोन व्याघ्र प्रकल्पांच्या पोटातून जातो. गुंडलुपेटहूनच दुसरा रस्ता केरळमधील वायनाडकडे फुटतो. बंदीपूरमधून जाणाऱ्या या दोन्ही महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते सकाळी ६ वाहतूक बंद असते. रुग्णवाहिका आणि मोजक्या बसगाड्यांना तेवढी मुभा आहे. रात्री वाहनांच्या धडकेत वन्यप्राणी मरत असल्याने ही बंदी आली.

हे जंगल साधेसुधे नाही. बंदीपूर, नागरहोळे, मुदुमलाई आणि वायनाड ही एकमेकांना लागून असलेली जंगले १९८६ मध्ये स्थापन झालेल्या निलगिरी जीवावरण राखीव क्षेत्राचा भाग आहेत. देशातील हे पहिले जीवावरण क्षेत्र. व्याघ्रगणनेच्या २०२२ च्या अंदाजानुसार बंदीपूरमध्ये १५०, नागरहोळेत १४१ आणि मुदुमलाईत ११४ वाघ आहेत. तुलनेसाठी, संपूर्ण महाराष्ट्रात त्या वेळी ४४४ वाघ होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या डीएनए-आधारित हत्तीगणनेनुसार देशातील २२,४४६ हत्तींपैकी ६,०१३ एकट्या कर्नाटकात आहेत.

केरळचा या रात्रबंदीला विरोध आहे. कोळिकोड-वायनाड भागाचा बेंगळूरु-म्हैसूरशी असलेला व्यापार, विद्यार्थी आणि रुग्ण यांची अडचण होते, असे तिथल्या लोकांचे म्हणणे. २०१९ मध्ये वायनाडमध्ये यावरून मोठे आंदोलन झाले. पर्यटकांच्या दृष्टीने अर्थ एवढाच की, म्हैसूरहून उशिरा निघून ‘रात्री उटीत पोहोचू’ हा बेत या रस्त्याने जमत नाही.

सफारी का थांबवण्यात आली?

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये म्हैसूर आणि चामराजनगर या जिल्ह्यांत जंगलालगतच्या गावांमध्ये वाघांच्या हल्ल्यांत ग्रामस्थांचे बळी गेले. त्यानंतर कर्नाटकच्या वनमंत्र्यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये बंदीपूर आणि नागरहोळे येथील सफारी व गिर्यारोहण थांबवण्याचा आदेश दिला. सफारीत गुंतलेले वन कर्मचारी हल्लेखोर वाघांच्या शोधासाठी आणि गावांच्या संरक्षणासाठी वळवण्यात आले.

सफारीच्या जीपगाड्या आणि जंगलाच्या कडेची रिसॉर्ट यांमुळे प्राणी बाहेर पडतात, असा शेतकरी संघटनांचा आरोप आहे. सफारी जंगलाच्या थोड्या भागातच चालते. तिचा आणि हल्ल्यांचा थेट संबंध जोडता येत नाही, अशी दुसरी बाजू आहे. या वादाचा निकाल काहीही लागो, शेतकऱ्याच्या मनातला प्रश्न सरळ आहे. जंगलातला वाघ पाहायला लोक हजारो रुपये मोजतात. त्याच वाघाच्या भीतीने मला शेतात जाता येत नाही, मग त्या पैशातले माझ्या गावाला काय मिळते?

त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्र प्रकल्पांबाबत निर्देश दिले. रात्रीच्या पर्यटनाला मनाई आणि गाभा क्षेत्रातील पर्यटन भागात मोबाइल वापरण्यास बंदी, हे त्यातले दोन मुद्दे पर्यटकांना थेट लागू होणारे आहेत. बंदीपूरच्या रस्त्यावर ऑगस्ट २०२५ मध्ये हत्तीचा फोटो काढायला गेलेला एक पर्यटक हत्तीच्या हल्ल्यातून थोडक्यात वाचला. वन विभागाने त्याला २५ हजार रुपये दंड केला. मोबाइलवरची बंदी कशासाठी, हे अशा प्रसंगातून समजते.

हत्तींच्या वाटेवरील रिसॉर्टचे काय?

मुदुमलाईच्या पूर्वेला सिगूर पठार आहे. पश्चिम घाटातून पूर्व घाटाकडे जाणाऱ्या हत्तींची ही वाट. तिथे उभ्या राहिलेल्या अनेक रिसॉर्टना सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने २०१८ मध्ये टाळे लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये न्यायालयाने हा हत्तीमार्ग जाहीर करण्याचा तमिळनाडू सरकारचा निर्णय कायम केला. म्हणजे ‘जंगलातली शांत सुट्टी’ अशी जाहिरात असलेली प्रत्येक जागा जंगलाच्या भल्याची असतेच, असे नाही. हॉटेल कुठे बांधले आहे, हेही बघावे लागते.

स्थानिकांचा विरोध कशासाठी?

वाहनमर्यादा लागू होताच निलगिरीतील व्यापाऱ्यांनी २ एप्रिल २०२५ रोजी बंद पाळला. हॉटेल, टॅक्सी, चहा-चॉकलेटची दुकाने, घोडेवाले या सगळ्यांची वर्षाची कमाई प्रामुख्याने दोन-अडीच महिन्यांत होते. त्याच महिन्यांत मर्यादा आली तर उरलेले वर्ष कसे काढायचे, हा त्यांचा सवाल खोटा नाही. शेजारच्या वायनाडने याचा कडू अनुभव घेतला आहे. ३० जुलै २०२४ च्या दरडींनी मुंडक्कई आणि चूरलमला ही गावे उद्ध्वस्त झाली, अडीचशेहून अधिक लोकांचा जीव गेला. त्यानंतर आपत्ती न आलेल्या भागांतही पर्यटक फिरकेनासे झाले. डोंगरावर अति गर्दी वाईट आणि अचानक आलेला शुकशुकाटही वाईट.

मग निर्बंधांनी प्रश्न सुटेल का?

काही अंशी. ई-पास घाटाच्या पायथ्याशी गाड्या मोजतो; त्या गाडीतले लोक किती दिवस राहणार, हे मोजत नाही. खरी मेख इथे आहे. साधा हिशेब करून पाहू. समजा डोंगरावर हॉटेलच्या शंभर खोल्या आहेत आणि प्रत्येक खोलीमागे एक गाडी येते. प्रत्येक कुटुंब एकच रात्र राहिले, तर खोल्या भरलेल्या ठेवायला रोज शंभर नव्या गाड्या घाट चढाव्या लागतात. तीच कुटुंबे चार रात्री राहिली, तर रोज २५ गाड्या पुरतात. हॉटेलवाल्याचे उत्पन्न तेवढेच, घाटातली वाहतूक मात्र एक चतुर्थांश. हेच लोक बसने किंवा रेल्वेने आले, तर पासाचाही प्रश्न उरत नाही.

याचा अर्थ, गर्दीचा प्रश्न पर्यटकांच्या संख्येइतकाच सहलीच्या आखणीचाही आहे. ‘सहा दिवसांत तीन राज्ये’ या प्रकारच्या सहलीत पर्यटकाचा निम्मा वेळ रस्त्यावर जातो आणि रस्त्याचा भार डोंगराला, जंगलाला सोसावा लागतो. मार्च २०२३ मध्ये बेंगळूरु-म्हैसूर द्रुतगती महामार्ग सुरू झाला आणि सुमारे तीन तासांचा प्रवास दीड तासावर आला. रस्ता वेगवान झाला की धावती सहल सोपी होते. घाट मात्र आहे तेवढाच राहतो.

अर्थात, सावकाश सहलीलाही मर्यादा आहेत. चार रात्री राहून रोज स्वतःच्या गाडीने उटीभर फिरले, तर गावातली कोंडी तशीच राहील. आणि नोकरदार कुटुंबाला मिळून सहा दिवसांची रजा असते, तीही मुलांच्या सुट्टीतच. त्यामुळे दिवस वाढवण्यापेक्षा ठिकाणे कमी करणे, हाच व्यवहार्य मार्ग आहे.

ठिकाणे कमी केली, तर पाहायचे काय?

उलट बरेच काही. म्हैसूरला तीन रात्री राहिले तर राजवाड्यापलीकडचे म्हैसूर दिसते. श्रीरंगपट्टण जवळच आहे. तिथून थोड्या अंतरावर कावेरीच्या बेटांवर रंगनथिट्टू पक्षी अभयारण्य आहे. २०२२ मध्ये ते रामसर स्थळांच्या यादीत आले. सोमनाथपूरचे केशव मंदिर बेलूर आणि हळेबिडू यांच्यासह २०२३ मध्ये जागतिक वारसा ठरले. तिन्ही ठिकाणे म्हैसूरहून परतीच्या प्रवासासह एकेका दिवसात होतात, हॉटेल बदलावे लागत नाही.

उटीला जायचेच असेल, तर मेट्टुपालयमहून निघणारी निलगिरी पर्वतीय रेल्वे हा उत्तम पर्याय. ४६ किलोमीटरच्या या मार्गाला चढताना सुमारे पाच तास लागतात. कल्लार ते कुन्नूर या चढावर रुळांमधल्या दात्यांच्या आधाराने गाडी वर सरकते. २००५ पासून हा मार्ग जागतिक वारसा यादीत आहे. मेट्टुपालयमजवळचे कोइम्बतूर मुंबई-पुण्याशी रेल्वेने जोडलेले आहे. मात्र या छोट्या गाडीचे आरक्षण लवकर भरते आणि पावसाळ्यात दरडींमुळे ती बंद पडू शकते.

थंडीच्या दिवसांत रजा मिळत असेल, तर मराठी माणसासाठी तंजावरचा विचार करण्यासारखा आहे. व्यंकोजीराजांनी १६७० च्या दशकात स्थापन केलेले भोसल्यांचे राज्य तिथे १८५५ पर्यंत टिकले. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा, १८०३ मधील मोठा मराठी शिलालेख आहे आणि सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी हस्तलिखिते व मोडी कागदपत्रे आहेत. उटीच्या वाटेवर ‘वेळ नाही’ म्हणून बहुतेक सहली हे ठिकाण गाळतात.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

स्वतःची किंवा भाड्याची गाडी असेल, तर तमिळनाडू सरकारच्या संकेतस्थळावरून ई-पास काढावा. हॉटेलचे पैसे भरण्याआधी पास मिळतो का ते पाहावे. बंदीपूरचा रस्ता दिवसाउजेडी पार करण्याच्या हिशेबाने निघावे, जंगलात गाडी थांबवू नये. सफारी सुरू आहे का, हे वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावर पाहावे. दलालाच्या शब्दावर विसंबू नये. निलगिरीत एकदाच वापरायच्या प्लास्टिकवर बंदी आहे, त्यात पाण्याच्या लहान बाटल्याही येतात. घरची बाटली सोबत ठेवणे सोयीचे.

महाराष्ट्रासाठी यात काय आहे?

हे सारे आपल्याला नवे नाही. माथेरानला गाड्या दस्तुरी नाक्यावरच थांबतात आणि तरीही माथेरान चालते. कास पठारावर फुलांच्या हंगामात रोजच्या पर्यटकांची संख्या ठरवून ऑनलाइन नोंदणी घेतली जाते. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०११ मध्येच, पश्चिम घाटात कुठे काय चालेल हे स्थानिक ग्रामसभांना विचारून ठरवावे, असे सुचवले होते. तो अहवाल तसाच बाजूला राहिला. जे लोकांशी बोलून ठरायला हवे होते, ते आता एकेका डोंगरासाठी न्यायालय ठरवत आहे.

उटीच्या पासाचा प्रयोग यशस्वी झाला, तर महाबळेश्वर, लोणावळ्यासाठीही तशी मागणी होऊ शकते. तेव्हा गाड्या मोजण्याबरोबरच मुक्काम वाढवणारी, बस-रेल्वेला सवलत देणारी आणि जंगलाच्या कडेच्या गावाला उत्पन्नाचा वाटा देणारी व्यवस्था करायची की नुसता नाका बसवायचा, हे ठरवावे लागेल. नुसता नाका बसला, तर गर्दी नाक्याच्या अलीकडे साठेल, एवढेच.