खेळून पोट भरते का?

कबड्डीच्या सरावाला थांबले की घरी एकच प्रश्न ऐकावा लागतो, “खेळून पोट भरणार आहे का?” आईचा मला राग येत नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. शिक्षणातून पगार मिळतो, एवढे तिला ठाऊक आहे.

या प्रश्नाचे उत्तर मला डायना एदलजी यांच्या आयुष्यात सापडले. मुंबईच्या या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने १९७६ साली कसोटीत पदार्पण केले आणि २० कसोटींत ६३ बळी घेतले. त्या काळी महिला क्रिकेटमध्ये पैसा नव्हता. रेल्वेच्या नोकरीमुळे त्यांचा खेळ टिकला. परंतु स्वतःचे भागले म्हणून त्या गप्प बसल्या नाहीत. इतर महिला खेळाडूंनाही रेल्वेत नोकऱ्या मिळाव्यात म्हणून त्या झटल्या. २०२३ साली आयसीसीच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये स्थान मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. मला मात्र त्यांचे नोकऱ्यांचे काम बळींहून मोठे वाटते.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी आपल्या मुलींनी नवी मुंबईत विश्वचषक जिंकला, तेव्हा आपण सर्वांनी टाळ्या वाजविल्या. पण टाळ्यांनी लोकलचा पास निघत नाही. म्हणून माझी एक साधी सूचना आहे. खेळाडूंसाठी राखीव नोकऱ्यांच्या जाहिराती आपल्या सूचनाफलकावर नियमाने लावाव्यात. त्यातली एखादी मी उतरवून घेईन आणि आईला वाचून दाखवीन.