हिटलरचा धडा घरी शिकवताना

मागच्या महिन्यात माझ्या मुलाचा नववीच्या इतिहासाचा पेपर होता. पुस्तकात नात्सीवादाचा धडा आहे. आदल्या रात्री जेवताना त्यानं सहज विचारलं, "आई, हिटलर म्हणजे आपल्या आबांसारखा कडक होता का गं?" सगळे हसले. आबाही हसले. मी मात्र गप्प झाले, कारण सासऱ्यांना ते नाव मीच दिलं होतं. 'नऊ वाजले, टीव्ही बंद करा' असं ते म्हणाले, की मी स्वयंपाकघरातून म्हणायचे, "झालं, हिटलरचा हुकूम सुटला!"

तेवढ्यात मुलगा पुढे म्हणाला, "पण त्यानं देशाला शिस्त लावली, सगळ्यांना काम दिलं. मी व्हिडिओ बघितलाय."

तुमच्याही घरात असं होत असेल. कडक बाई, कडक बॉस, कडक सासू, सगळ्यांना आपण बिनदिक्कत हिटलर म्हणतो. फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगात त्याचं 'माइन काम्फ' यशाचे मंत्र सांगणाऱ्या पुस्तकांशेजारी विकायला असतं. मग मुलाला तो कडक पण कर्तबगार माणूस वाटला, तर दोष एकट्या मुलाचा कसा?

मी घाईघाईनं म्हटलं, "अरे, साठ लाख ज्यू मारले त्यानं!"

"माहितेय, दोन मार्कांना येतं," तो म्हणाला आणि भाताकडे वळला.

त्या उत्तरानं मला झोप लागली नाही. आकडा त्याला पाठ होता, पण त्या आकड्यात माणसं आहेत हे त्याच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. पेपर झाल्यावर आम्ही दोघं रोज अर्धा तास या विषयावर बोलायला बसलो. त्यातून जे हाती लागलं, ते तुम्हाला सांगते.

आधी माणसं, मग आकडा

मी त्याला पहिला प्रश्न विचारला, "ज्यू म्हणजे कोण?" त्याला सांगता येईना. त्याच्या लेखी ज्यू म्हणजे छळछावणीत मेलेले लोक. ते आधी जगत कसे होते, हे त्याला ठाऊकच नव्हतं.

म्हणून आम्ही मृत्यूपासून नाही, जगण्यापासून सुरुवात केली. आपल्या कोकणात, अलिबागच्या आसपासच्या गावांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले बेने इस्रायली ज्यू मराठीच बोलत. त्यांच्यातले अनेक जण तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावात त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पुण्याच्या कॅम्पातलं लाल देऊळ हे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. तुम्ही कोचीला किंवा कोलकात्याला राहत असाल, तर मुलांना तिथलं सिनेगॉग दाखवता येईल.

मग मी आबांना आकाशवाणीची जुनी धून गुणगुणायला सांगितली. ती धून वॉल्टर कॉफमन यांची मानली जाते. ते ज्यू संगीतकार होते. नात्सी सत्तेवर आल्यानंतर, १९३४ मध्ये, ते युरोप सोडून मुंबईत आले. "म्हणजे मी रोज सकाळी ऐकायचो ती?" आबा चकित झाले.

त्यानंतर आम्ही ॲन फ्रँककडे वळलो. तिचा जन्म १९२९ चा. नात्सी आल्यावर तिचं कुटुंब जर्मनी सोडून ॲमस्टरडॅमला गेलं. तिथंही जर्मन सैन्य पोचलं. ज्यू मुलांची शाळा वेगळी झाली, ट्राम बंद झाली, सायकली गेल्या. १९४२ मध्ये तेराव्या वाढदिवसाला तिला वही मिळाली आणि महिन्याभरातच ते सगळे लपून राहायला गेले. ऑगस्ट १९४४ मध्ये पकडले गेले. १९४५ च्या सुरुवातीला बर्गन-बेल्सनच्या छावणीत ती मरण पावली, तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. लपलेल्या आठ जणांपैकी फक्त तिचे वडील परतले.

मुलगा काही वेळानं म्हणाला, "माझ्याएवढी होती." मग मी सांगितलं, की साठ लाखांमध्ये सुमारे पंधरा लाख मुलं होती.

सुरुवात कशी झाली ते सांगा

आपण मुलांना शेवट सांगतो. गॅस चेंबर, छावण्या, युद्ध. पण शेवट इतका भयंकर आहे, की तो आपल्यासारख्या माणसांच्या जगात घडला असं मुलांना वाटतच नाही. म्हणून पायऱ्या एकेक करून सांगा.

१९३३ मध्ये जर्मनीत ज्यू होते जेमतेम पाच लाख, म्हणजे लोकसंख्येच्या एक टक्क्याहूनही कमी. ज्यूद्वेष युरोपात शतकानुशतकांचा जुना. प्लेग आला तरी दोष त्यांचा. पहिलं महायुद्ध जर्मनी हरला, त्याचंही खापर त्यांच्यावरच फोडलं गेलं. प्रत्यक्षात त्या युद्धात सुमारे एक लाख ज्यू जर्मन सैन्यातून लढले होते.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर चॅन्सेलर झाला. एप्रिलमध्ये ज्यूंच्या दुकानांवर बहिष्कार आणि सरकारी नोकऱ्यांतून हकालपट्टी. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी नागरिकत्वाचे हक्क काढून घेतले, ज्यू आणि जर्मन यांच्या लग्नाला बंदी घातली. नोव्हेंबर १९३८ मध्ये सिनेगॉग जाळली, दुकानं फोडली आणि काही दिवसांतच उरलेल्या ज्यू मुलांना सरकारी शाळांतून काढून टाकलं. १९४१ मध्ये कपड्यांवर पिवळा तारा लावण्याची सक्ती झाली. त्याच वर्षी पूर्वेकडे सामूहिक गोळीबार सुरू झाले आणि मग छावण्यांमधले गॅस चेंबर आले.

प्रत्येक पायरीला थांबून मुलाला विचारा, "या दिवशी शेजारच्या घरातला माणूस काय करत असेल?" उत्तर तुम्ही देऊ नका.

द्वेषही शाळेत शिकवला होता

माझ्या मुलाला सगळ्यात जास्त धक्का बसला तो या गोष्टीचा. १९३८ मध्ये जर्मनीत मुलांसाठी एक चित्रांचं पुस्तक निघालं. नाव होतं 'विषारी अळंबी'. चांगल्या अळंब्यांत विषारी अळंबी ओळखावी, तसे माणसांत ज्यू ओळखा, असं त्यात एक आई मुलाला समजावते. गणिताच्या पुस्तकात उदाहरणं असत, की अपंग आणि मनोरुग्णांच्या देखभालीवर सरकारचा किती खर्च होतो.

"गणितात?" मुलानं विचारलं.

हो, गणितात. आणि अपंगांनाही पुढे हजारोंनी मारण्यात आलं. रोमा लोकांनाही. त्या पुस्तकाचा प्रकाशक युलियुस श्ट्रायखर याला न्यूरेंबर्गच्या खटल्यात फाशी झाली. त्यानं स्वतः कुणाला मारल्याचा आरोप नव्हता, तो वर्षानुवर्षं द्वेष छापत आला होता.

'पण त्यानं काम दिलं ना?'

या प्रश्नावर रागावू नका. रागावलात तर मूल प्रश्न विचारणं थांबवेल आणि व्हिडिओ बघत राहील. शांतपणे सांगा, की काम बरंचसं शस्त्रं बनवण्याचं होतं, तरुण सक्तीनं सैन्यात गेले आणि ज्यूंच्या नोकऱ्या हिसकावून घेतल्या. त्या शिस्तीचा शेवट मे १९४५ मध्ये झाला, तेव्हा जर्मनीची शहरं ढिगारा झाली होती.

त्याच्या सैन्याशी आपली माणसंही लढली. मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत जर्मनांशी लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. ते रायगड जिल्ह्यातले.

हे मात्र टाळा

प्रेतांचे फोटो दाखवून मुलाला हादरवू नका. भीतीनं मूल विषयापासून पळतं. 'तू ज्यू हो, तू सैनिक हो' असले खेळ घेऊ नका. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयानंही शिक्षकांना हेच सांगितलं आहे. सहावीच्या आधी हा विषय खोलात नेऊ नये, असंही त्यांचं म्हणणं. लहानांना एवढंच पुरे, की काही लोकांना वेगळं म्हणून फार त्रास दिला गेला.

'द बॉय इन द स्ट्राइप्ड पजामाज' हा इतिहास समजू नका. ती कल्पित कथा आहे आणि हा विषय शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी ते पुस्तक टाळावं, असं खुद्द ऑशविट्झच्या संग्रहालयानं म्हटलं आहे. वाचवणाऱ्यांच्या गोष्टी जरूर सांगा. १९४३ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी सात हजारांहून अधिक ज्यूंना होड्यांतून स्वीडनला पोचवलं. पण असे लोक थोडे होते, हेही सांगा.

शेवटी आमच्या घराचं सांगते. आबांचं ते नाव आम्ही सोडलं. नऊ वाजता टीव्ही अजूनही बंद होतो, कुरकुरही होते, पण ते आता फक्त आबा आहेत.

आणि एका संध्याकाळी मुलानं विचारलं, "आई, ज्यू मुलांना वर्गातून काढलं, तेव्हा बाकीची मुलं काय करत होती?" मग थोडं थांबून म्हणाला, "आमच्या वर्गात एकाला डब्याच्या वासावरून चिडवतात. त्याच्या शेजारी कुणी बसत नाही. मी काही बोललो नाही."

ते आणि हे एकच आहे, असं मी म्हटलं नाही. ते एकच नाहीच. मी फक्त विचारलं, "उद्या तू बसशील?"

दुसऱ्या दिवशी त्याचा डबा रिकामा आला. म्हणाला, "दोन पोळ्या त्यानं खाल्ल्या. उद्या जास्त दे."