‘युगान्त’ आणि आमची श्रद्धा

अलीकडे दोन पुस्तके लागोपाठ वाचली : दुर्गा भागवत यांचे ‘व्यासपर्व’ (१९६२) व इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ (१९६७). दोन्हींचा विषय महाभारतातील माणसे. मी पंडित नव्हे, हौशी वाचक. तरी मत स्पष्ट सांगतो. ‘व्यासपर्व’ मन मोहून टाकते, परंतु अलंकारांच्या भाराखाली माणसे क्वचित झाकोळतात. ‘युगान्त’ची भाषा साधी, म्हणूनच ती बोचते.

हे दुसरे पुस्तक देवळाच्या ग्रंथसंग्रहात नको, त्याने श्रद्धा ढळते, असे म्हणणारे सज्जन आहेत. त्यांना विचारावेसे वाटते : खांडववन कोणी जाळले? काशिराजाच्या कन्या बळाने कोणी आणिल्या? हे बाईंनी रचलेले नाही. व्यासांनीच लिहून ठेविले आहे. बाईंनी आधार घेतला तो पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या चिकित्सक आवृत्तीचा. १९१९ साली आरंभिलेले ते कार्य १९६६ साली सिद्धीस गेले. एवढ्या तपश्चर्येला पाखंड म्हणावयाचे काय?

धर्मराजाचा पिता विदुरच असावा, हा बाईंचा तर्क मला पटत नाही. पुरावा तोकडा पडतो. परंतु न पटलेल्या तर्काला उत्तर द्यावयाचे ते ग्रंथ उघडून, कपाटाला कुलूप घालून नव्हे.

पोथी रेशमी वस्त्रात गुंडाळून तिजवर फुले वाहणे सोपे. व्यासांनी आपल्या नायकांचे दोष झाकले नाहीत. ते आम्ही झाकू लागलो, तर अवमान कोणाचा? जी श्रद्धा महाभारत वाचल्याने ढळते, ती महाभारतावरची नव्हेच.